शोधकाच्या नावाची चौकट

कुरामोची काझुएनं आपलं नाव आपल्याच हातानं गाळलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधेच कुणी विचारायला नको, की बाईनं तेव्हाच तोंड का उघडलं नाही म्हणून. कुणी तिचा हात धरला नव्हता की डोळे वटारले नव्हते. १९८० चा मार्च, कावासाकीतली लॅब, तिसरा मजला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार आहे? पेटंटचा अर्ज काझुएच्या टेबलावर आला तो एवढ्याचसाठी, की अख्ख्या विभागात तिच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. 'शोधक' या चौकटीत तिनं विभागप्रमुखांचं नाव लिहिलं: तेरासावा मासानोबु. आणि खाली आणखी एक नाव मावेल एवढी जागा रिकामी ठेवली.

ती जागा तिची होती. पण अशी जागा आपण होऊन भरायची नसते. आपण मागं सरायचं, मग वरच्यानं म्हणायचं, "अहो, हे काय, तुमचं नाव कुठंय?" आपण "छे छे, माझं कसलं" म्हणायचं, त्यानं पुन्हा आग्रह करायचा, आणि तिसऱ्या खेपेला मान खाली घालून लिहायचं. तिथं ताटलीतला शेवटचा तुकडासुद्धा कुणी याशिवाय उचलत नाही. काझुए तीन आग्रहांची तयारी करून आली होती. तेरासावानं अर्ज वाचला, खणातून शिक्का काढला, त्यावर तोंडानं हा करून वाफ सोडली आणि उमटवला.

"अक्षर बाकी सुरेख हं, कुरामोची-सान," तो म्हणाला.

झालं. एवढंच. पहिला आग्रहसुद्धा नाही.

आता शोध काय होता ते सांगतो, घाबरून जाऊ नका, कपबश्या धुणाऱ्यालाही कळेल असा आहे. काझुए तिथं 'सहायक' होती. नागानोच्या तांत्रिक शाळेतून शिकलेली, वर्गातली एकटी मुलगी. पण लॅबमध्ये आली आणि तिच्या हातात पहिल्यांदा आली ती किटली. सकाळी साडेआठला, दहाला आणि तीनला चौतीस माणसांना चहा. प्रत्येकाचा आपापला कप, कुणाचा कुठला ते तोंडपाठ. मधल्या वेळात सोल्डरिंग करायचं आणि मोजमापं टिपायची.

लॅबचं दुखणं असं होतं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाशाच्या लुकलुकीनं आकडे पाठवायचे. तार उत्तम, प्रकाश उत्तम, पण जोडावर धुळीचा कण बसला की एखादीच लुकलुक नव्हे, सलग डझनभर गडप व्हायच्या. पलीकडं मेमरीत ते आकडे ओळीनं बसायचे, घर नंबर शून्य, एक, दोन, प्रत्येकाचा पत्ता शेजारचा. शेजारशेजारचे आकडे मिळून एक शब्द होतो, म्हणजे त्या शब्दाचं सगळं कुटुंब एका दमात नाहीसं. शब्दातलं एखादं अक्षर गळालं तर अंदाजानं भरता येतं, अख्खा शब्दच गेला तर काय भरणार, कपाळ? तेरासावा आणि त्याचे पाच इंजिनिअर वर्षभर नुसते जोड घासत बसले होते.

एके दिवशी काझुएच्या हातातला ट्रे कलंडला. एका कडेचे सहा कप फुटले, आणि सहाच्या सहा मोजमाप गटाचे, कारण ती गटागटानं लावायची. तो गट दिवसभर बिनचहाचा राहिला. गटातला ओगुरा म्हणाला, "ट्रे सांभाळता येईना, सासर काय सांभाळणार ही!" सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कप सात-सात जागा सोडून लावायला सुरुवात केली, म्हणजे कुठूनही कलंडला तरी प्रत्येक गटाचा एखादाच कप जाईल. आणि चौथ्या दिवशी किटली हातात असतानाच ती थबकली. मेमरीची घरंही अशीच भरली तर? पाठवणाऱ्यानं ओळीनं काढायचंच नाही, दर वेळी पत्त्यात एक ठरावीक संख्या मिळवून उड्या मारत काढायचं; घेणाऱ्यानं त्याच उड्यांनी जागेवर बसवायचं. वाटेत सलग बारा गेले तरी वेगवेगळ्या शब्दांतलं एकेक अक्षर जाईल, आणि एकेक भरून काढता येतं.

खरी करामत पुढंच होती. उडी केवढी घ्यायची, हे तारेच्या लांबीवरून आपोआप ठरेल अशी एक इवलीशी बेरीज तिनं शोधून काढली. वेगळा तक्ता नको, जादा मेमरी नको. तीन महिने लागले. प्रयोगवहीचं पान एकसष्ट ते चौऱ्याण्णव. तेरासावानं ते पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि म्हणाला, "अर्ज करून टाकू." कुणी करायचा, कुणाच्या नावानं, हे तो बोलला नाही आणि तिनं विचारलं नाही.

सात वर्षांत त्या बेरजेनं समुद्र ओलांडला. अमेरिकेचंही पेटंट मिळालं, टेलिफोन कंपन्या ती बेरीज वापरू लागल्या, तेरासावाला आधी मानपत्र मिळालं आणि मग पदक. येत्या जूनमध्ये तो कंपनीचा संचालक होणार हे चहाच्या खोलीतल्या बायकांनाही ठाऊक होतं. काझुए छत्तिसाची झाली. तिथं पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला नाताळनंतरचा केक म्हणतात, पंचवीस तारखेनंतर कोण घेतो? काझुएबद्दल तर तोही विनोद बंद झाला होता, इतका तो केक शिळा. ती अजून चौतिसांना चहा देत होती. राग येत नव्हता असं समजू नका. राग होता, पण त्या रागाचं तिनं वेगळंच काहीतरी केलं. घरी, स्वयंपाकाच्या टेबलावर, तिनं दुसरी वही काढली आणि पहिल्यापेक्षा चांगला दुसरा शोध लिहून ठेवला. तो कुणालाही दाखवायचा तर आपल्या नावानंच, एवढं तिनं ठरवलं होतं. बाईला आयुष्यात दुसरं काही नको होतं. कुठल्या तरी छापील कागदावर, शोधकाच्या चौकटीत, कुरामोची काझुए.

१९८७ च्या एप्रिलमध्ये पेटंट विभागाच्या नुमातानं तिला बोलावलं. नुमाता किरकोळ, चष्मेवाला, कधी आवाज न चढवणारा माणूस.

"दार लावून घ्या, कुरामोची-सान. बसा. एक अमेरिकन कंपनी आपलं पेटंट फुकटात वापरते, म्हणून आपण तिकडं दावा लावलाय. त्यांचा वकील म्हणतो, पेटंटवरचा शोधक खरा नाही. तिकडचा कायदा विचित्र आहे. खऱ्या शोधकाचं नाव नसेल तर पेटंटच रद्द. आदरानं साहेबाचं नाव घालायची सोय नाही त्यांच्यात."

"हो का," काझुए म्हणाली.

"त्यांनी प्रयोगवही मागितली, द्यावी लागली. पान एकसष्ट ते चौऱ्याण्णव. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि डोकं?"

सात वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "तेही माझंच," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

नुमाता रागावला नाही. "वाटलंच मला. तेरासावा-सान साध्या बेरजेत चुकतात." त्यानं चष्मा पुसला. "एक रस्ता आहे. नाव घालताना चूक झाली, खऱ्या शोधक कुरामोची काझुए, असा एक कागद करायचा आणि तेरासावा-सानांनी त्यावर सही करायची. तिकडचा कायदा चूक सुधारू देतो. पेटंट वाचतं. आपल्या अमेरिकन वकिलाचा सल्ला हाच आहे."

एक कागद! काझुए त्या दिवशी घरी चालत गेली ते तिला कळलंही नाही. आईला नागानोला फोन केला. आई म्हणाली, "तुझं नाव? छापील? मग ते कुणाला दाखवता येईल का?" काझुए म्हणाली, "सगळ्या जगाला, आई." म्हातारी फोनवर रडायला लागली. आजवर शेजारणींना ती सांगायची, मुलगी मोठ्या कंपनीत आहे. काय करते विचारलं की विषय बदलायची.

तीन दिवसांनी तेरासावानं काझुएला दुपारी वाम माशाच्या खानावळीत नेलं, आतल्या खोलीत. आणि बसल्याबरोबर काय केलं असेल? तिच्या कपात स्वतःच्या हातानं चहा ओतला. नोकरीच्या तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"चूक माझीच," तो म्हणाला. "तेव्हाच विचारायला हवं होतं, तुमचं नाव कुठंय म्हणून. विचारलं नाही. का नाही विचारलं, मलाच कळत नाही."

"नाही साहेब, मीच लिहायला हवं होतं."

"त्या कागदावर मी आज सही करतो. पण मग जूनमध्ये काय? पदक परत करू? मानपत्र परत करू? लोक म्हणतील, सात वर्षं चोर होता हा."

"चोर नाही हो साहेब, चूक असंच लिहायचंय—"

"लोक चोरच म्हणतील, कुरामोची-सान. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय." त्यानं कप तिच्यापुढं सरकवला. "तुम्ही नुमाता-सानांना बोललात म्हणे, तुमच्याकडं दुसराही एक शोध आहे. तो तुमच्या नावानं. एकटीच्या. आणि संशोधक म्हणून नेमणूक, लॅबमध्ये स्वतःचं टेबल. हे मी संचालक झालो तरच करू शकतो, नाहीतर कोण विचारतंय तुम्हाला? तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की मी सांगत होतो आणि तुम्ही लिहून घेत होता. एका नावाच्या बदल्यात दुसरं नाव."

आणि तो वाकला. चटईवर हात टेकून, कपाळ ताटाच्या कडेला लागेल इतका. चोपन्न वर्षांचा माणूस, डोक्यावरचे विरळ केस तिच्यासमोर. काझुएला उभ्या जन्मात कुणी असं वाकून दाखवलं नव्हतं. तिथंच ती फसली. "उठा साहेब, उठा ना," ती म्हणाली, आणि वर "बरं" म्हणाली. काय म्हणावं या बाईला! पण तुमच्या-माझ्यापुढं जन्मात पहिल्यांदा कुणी वाकलं असतं, तर आपण काय केलं असतं ते आपल्यालाच ठाऊक.

मग तीन आठवडे, रोज दुपारी, बंद खोलीत तिनं तेरासावाला शिकवलं. तिचाच शोध, तिनंच, त्याचा करून दिला.

"सातच का पण? आठ का नाही?"

"आठनं फिरलात तर आठ उड्यांत परत पहिल्या घरावर याल साहेब. चौसष्ट घरं आहेत. सातनं गेलात की सगळी घरं पालथी घातल्याशिवाय पहिलं घर येतच नाही."

"हां. आणि त्रेसष्टनंतर?"

"सत्तर होतात, चौसष्ट वजा करायचे. सहा."

"सात ना?"

"सहा, साहेब."

"हे मला सुचलं कसं, असं विचारलं तर?"

काझुएनं त्याला कपांची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "कमाल आहे!" आणि वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्यानं तिला ऐकवली, आणि तिच्यात आता तो स्वतः होता, दारात उभा, ट्रेकडं बघणारा. तिनं फक्त त्याची एक वजाबाकी दुरुस्त केली.

तिकडं नुमाता, तेरासावाची सही होणार नाही म्हटल्यावर पेटंट वाचवायला, तिची तालीम घेत होता, 'माहीत नाही'ची.

"तुमचं 'माहीत नाही' फार झटकन येतं," तो म्हणायचा. "ज्याला खरंच माहीत नसतं तो आधी आठवून बघतो. भुवया जरा वर घ्या. पुन्हा. पत्ता म्हणजे काय, कुरामोची-सान?"

"...माहीत नाही."

"आता बरं वाटतंय. पण आकड्यांकडं बघू नका. तुम्ही आकड्यांकडं बघता तेव्हा तुमचं तोंड मऊ पडतं. कागदाच्या कोपऱ्याकडं बघा."

अशा जबान्या तिथं अमेरिकन वकिलांना त्यांच्याच दूतावासातल्या खोलीत घ्याव्या लागतात, म्हणून मे महिन्यात सगळे तोक्योला गेले. लांब टेबल, पाण्याचे जग, एक दुभाषी बाई, आणि विरुद्ध बाजूचा वकील डेलानी: टकला, थोराड, आवाज एकदम मवाळ. आधी तेरासावा. अर्धा दिवस तो बोलला आणि एकदाही अडखळला नाही. त्रेसष्टनंतर सहा, बरोबर सांगितलं. मग कपांची गोष्ट.

"मी दारातून या बाईंना कप लावताना पाहत होतो," तो म्हणाला, "आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. त्यांना अर्थातच कल्पना नव्हती. त्या आपल्या कप लावत होत्या."

काझुए मागच्या खुर्चीवर बसली होती. तिला उलटी येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी, काय सांगू तुम्हाला, आपला विद्यार्थी पास झाला म्हणून बरंही वाटलं. त्या दुसऱ्या वाटण्याची तिला नंतर फार लाज वाटली.

मग तिनं उजवा हात वर करून शपथ घेतली. डेलानीनं वहीचं पान पुढं केलं.

"अक्षर तुमचं?"

"माझं. साहेब सांगायचे, मी लिहून घ्यायचे."

"हे आकडे काय आहेत?"

भुवया वर. कागदाचा कोपरा. "...माहीत नाही."

"मेमरीतला पत्ता म्हणजे काय, सांगाल?"

"माहीत नाही."

"कप तुम्ही सात-सात सोडून का लावायचात?"

"साहेबांनी सांगितलं होतं."

असं चाललं. डेलानीनं मूळ वही काढून घेतली आणि टाइप केलेलं एक पान तिच्यापुढं सरकवलं. "हे अठ्ठ्याऐंशीव्या पानाची नक्कल आहे. सावकाश बघा. वहीत होतं तसंच आहे?"

तिनं पाहिलं. एकोणपन्नास, छप्पन्न, त्रेसष्ट, सात, चौदा. सात! सहाच्या जागी सात. सातव्या घरात आधीच आकडा बसलेला असतो, त्याच्या उरावर हा जाऊन बसणार, मग चौदाव्याच्या, मग एकविसाव्याच्या, सगळा निरोप स्वतःलाच तुडवत जाणार. तिचं बोट त्या सातापर्यंत गेलं. डेलानी बोटाकडं बघत होता. टेबलाच्या टोकाला नुमाता पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. बोट तिथून पुढं सरकलं आणि पानाची घडी सरळ करून आलं.

"हो. तसंच आहे."

"नक्की?"

"मला त्यातलं काही कळत नाही. अक्षर माझं होतं, एवढंच."

डेलानीनं नक्कल परत घेतली. मग फाइल मिटताना दुभाषी बाईला काहीतरी म्हणाला, आणि तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "ते म्हणतात, बाई, मी तुमच्याच बाजूनं होतो." आणि खरंच होतं ते. त्या खोलीत काझुएला शोधक ठरवायला धडपडणारा एकच माणूस होता, आणि तो शत्रूपक्षाचा. एकूण सतरा वेळा ती 'माहीत नाही' म्हणाली होती, नुमातानं मोजून ठेवलं होतं.

जूनमध्ये तेरासावा संचालक झाला. काझुएनं आठ दिवस वाट पाहिली, मग दुसरी वही आणि भरलेला अर्ज घेऊन वर गेली. या वेळी आग्रहाची वाट बघायची भानगड ठेवली नव्हती. शोधकाच्या चौकटीत ठळक, काळंभोर: कुरामोची काझुए. नुमाता तिथंच बसला होता. तेरासावानं अर्ज वाचला आणि तिच्याकडं न बघता नुमाताकडं सरकवला.

"कुरामोची-सान," नुमाता म्हणाला, "महिन्यापूर्वी तुम्ही शपथेवर सांगितलंत की मेमरीतला पत्ता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. आणि आता मेमरीतल्या पत्त्यांचंच पेटंट तुमच्या नावानं? डेलानी नाचत येईल. संशोधक म्हणून नेमणूक केली तरी तेच."

"पण साहेबांनी शब्द दिला होता."

"दिला होता ना," तेरासावा म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, हे त्याहून वाईट. "तेव्हा हे लक्षात आलं नाही. तुम्ही इतकं चांगलं बोलाल असं वाटलं नव्हतं."

"मग कधी?"

"पहिलं पेटंट संपलं की," नुमाता म्हणाला. "सन दोन हजार."

"तेरा वर्षं."

"हिशोब असे झटकन करत जाऊ नका. कुणी ऐकेल."

तेरासावा वही चाळत होता. मधेच एका पानावर थांबला, पुन्हा मागं गेला. त्याचे डोळे चमकले. "हे तर पहिल्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "तेरा वर्षं थांबलो तर दुसरा कुणीतरी काढेल. वाया कशाला घालवायचं? मी भरतो अर्ज. तुम्ही मला दुपारचं एकदा समजावून द्या, मागच्यासारखं. फक्त अर्ज या वेळी टाइप करून घेऊ. तुमचं अक्षर नको."

"मी डेलानीला सगळं सांगेन," काझुए म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य असं निघालं, की तिघंही दचकली.

नुमातानं तिला पाणी दिलं. "सांगा. सतरा वेळा 'माहीत नाही' म्हणालेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला, तर शपथेवर खोटं बोललात हेही आलंच. तिकडं तो गुन्हा आहे. तेरासावा-सान म्हणतील, मला प्रामाणिकपणे वाटत होतं की शोध माझा. तुम्ही काय म्हणाल? तुम्हाला प्रामाणिकपणे काय वाटत होतं?"

ती पाणी प्यायली. तिनं ग्लास जागेवर ठेवला. वही टेबलावरच राहिली, ती परत घ्यायला तिचा हात पुढं झाला नाही. आईला तिनं फोनवर सांगितलं, अमेरिकेतलं काम लांबणीवर पडलं. आई म्हणाली, "हरकत नाही गं, मी कुणाला बोलले नव्हते." बोलली होती, सगळ्या गल्लीत बोलली होती.

डेलानी मात्र हट्टाला पेटला होता. शरद ऋतूत बाईंना पुन्हा बोलवा, असं त्याचं पत्र आलं. मग नुमाताच्या सुपीक डोक्यातून जे निघालं ते असं: कंपनीत कारकून बायकांसाठी 'संगणकाची तोंडओळख' नावाचा वर्ग होता, सहा शनिवार. काझुएचं नाव त्यात घालायचं. १९८७ साली जी बाई पहिलीच्या वर्गात बसते ती १९८० साली शोध कसा लावेल?

तर काझुए सहा शनिवार तिथं बसली, पहिल्या बाकावर, विशी-बाविशीच्या मुलींत. शिकवणाऱ्यानं फळ्यावर घरं काढली, घरांना नंबर दिले. "हा पत्ता," तो म्हणाला. "आलं का लक्षात, कुरामोची-सान?" तो तिच्याकडं जरा जास्तच लक्ष द्यायचा, वयाकडं बघून. एकदा तो घरांचे नंबर मोजताना शून्य विसरला, आणि सगळा हिशोब एका घरानं चुकला. काझुएनं तसाच चुकलेला वहीत उतरवून घेतला.

शेवटच्या शनिवारी परीक्षा झाली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर गोल करायचा. काझुएनं अर्धा तास लावून, एकेक प्रश्न नीट वाचून, पेपर सोडवला. सोमवारी निकाल लागला. शिकवणाऱ्यानं दुःखानं मान हलवली. वीसपैकी शून्य. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. एकीनं विचारलं, "असं कसं झालं हो?" काझुए म्हणाली, "माहीत नाही." पण त्या दिवशी दहाचा चहा देताना तिची मान ताठ होती, आणि ती ताठ मान कुणाच्याही लक्षात आली नाही.

तीनचा चहा झाल्यावर नुमाता तिला बंद खोलीत घेऊन गेला. पेपर त्याच्या हातात होता.

"वीसच्या वीस चूक," तो म्हणाला. "ज्याला काहीही येत नाही त्यानं डोळे मिटून गोल केले तरी चार-पाच बरोबर येतात. वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस यावी लागतात." त्यानं पेपर टेबलावर ठेवला. "छान आहे. खरंच छान आहे, कुरामोची-सान. डेलानीला हे मिळालं असतं तर त्याला दोन मिनिटांत कळलं असतं."

सात वर्षांत काझुएचं काम असं नीट वाचणारा हा पहिला माणूस, आणि तो पेपर फाडत होता. सरळ दोन, मग चार, मग आठ तुकडे. मग त्यानं फाइलमधून कोरा पेपर काढला, तारीख शनिवारचीच घातली, आणि पेन्सिल तिच्यापुढं ठेवली.

"सहा बरोबर येऊ द्या. सोपीच सहा. मी बसतो इथं."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर नागानोला जा, आईकडं. पण मग नोकरी सोडलेल्या बाईची जबानी आम्हीच संशयास्पद म्हणू. शोध तेव्हाही तेरासावा-सानांचाच राहील." त्यानं घड्याळाकडं पाहिलं. "मला यात आनंद नाही. पण लवकर करा, साडेतीनला माझी बैठक आहे."

तिनं पेन्सिल उचलली. कुठली सहा, ते ठरवायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. नुमातानं पेपर तपासला, मान डोलावली आणि निघून गेला.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. जाड कागद, कंपनीचा लाल शिक्का, मधोमध छापील अक्षरांत कुरामोची काझुए, आणि खाली शेरा: प्राथमिक ज्ञान अपुरे, वर्गास पुन्हा बसावे. मूळ प्रत तिला मिळालीच नाही. ती अमेरिकेला पाठवली गेली आणि त्या पेटंटच्या दाव्यात लागली, पुरावा क्रमांक एकेचाळीस. त्यानंतर डेलानीचं पत्र आलं नाही. त्या पेटंटच्या फायलीत तिचं नाव छापील असं तेवढ्याच एका कागदावर आहे.